पुसलेलें अक्षर

लिपींतील चिन्हास आपण ‘अक्षर’ म्हणतों, आणि या शब्दाचा व्युत्पत्तीनें होणारा अर्थ ‘जें क्षय पावत नाहीं तें’ असा आहे. भूर्जपत्र जीर्ण होतें, शाई फिकी पडते, कागदास वाळवी लागते, हें नित्य पाहत असतांही आपण हा शब्द निःशंकपणें वापरीत आलों. कारण लिहिलेलें नाहींसें व्हावयास कांहीं काळ लागतो, आणि तेवढ्या अवधींत कोणी तरी त्याची नक्कल करून ठेवतो, असा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. संगणकावर लिहिलेल्या अक्षराची गोष्ट निराळी. तेथें दोन महिन्यांचें लेखन एका क्षणांत जातें. राख उरत नाहीं, चिंधी उरत नाहीं, आणि पुसणाऱ्याच्या बोटास श्रमही पडत नाहींत. अशा रीतीनें नाहींशा झालेल्या लेखनाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न वरवर पाहतां यंत्रशास्त्राचा वाटेल. आमच्या मतें तो नीतिशास्त्राचा आहे; आणि तो आमच्यापुढें कसा उभा राहिला हें न सांगतां त्याची चर्चा करणें अप्रामाणिकपणाचें होईल.

आम्ही संख्याशास्त्र शिकवितों. आमच्या एका विद्यार्थ्यानें पर्जन्यमानाच्या जुन्या नोंदी तपासण्यासाठीं एक प्रोग्रॅम, म्हणजे संगणकास द्यावयाच्या सूचनांची मालिका, लिहावयास घेतला होता. अशा सूचनांच्या मजकुरास ‘कोड’ म्हणतात. सात फाइली, सुमारें १४०० ओळी. आणि हें सारें काम तो विभागांतील एका जुन्या संगणकावर, रोज सायंकाळीं तास संपल्यानंतर, दोन महिने करीत होता. एके दिवशीं त्या संगणकाची डिस्क भरत आली म्हणून आम्ही निरुपयोगी फाइली काढून टाकावयास बसलों. त्या संगणकावरील लिनक्स प्रणालींत ‘आरएम’ ही दोन अक्षरांची आज्ञा आहे. तिच्यापुढें ज्या फाइलीचें नांव लिहावें ती फाइल जाते, आणि नांवाच्या आरंभींचा भाग लिहून त्यास तारकाचिन्ह जोडलें तर त्या आरंभाच्या सर्व फाइली जातात. आम्हांला विशिष्ट शब्दानें सुरू होणाऱ्या फाइली काढावयाच्या होत्या. तो शब्द आणि तारका यांच्यामध्यें आमच्या अंगठ्यानें एक मोकळी जागा सोडली. तारका सुटी पडली. आणि सुट्या तारकेचा अर्थ ‘येथें असलेलें सर्व कांहीं’ असा होतो. यंत्रानें कांहींही विचारलें नाहीं. विचारूं नकोस, ही सूचनाही आम्हींच त्या आज्ञेस जोडलेली होती. इतकीं अक्षरें नाहींशीं केलीं तीं एखाद्या अक्षरानें नव्हे, तर अक्षरांमधील रिकामेपणानें.

विद्यार्थी चहा घेऊन परत आला. आम्हीं घडलेला प्रकार त्यास सांगितला, आणि त्याच श्वासांत विचारलें, “तूं दुसरी प्रत ठेवली नव्हतीस काय?”

तो म्हणाला, “नाहीं, सर. चुकलेंच माझें.”

या उत्तरानें आम्हांस त्या क्षणीं हायसें वाटलें, हें येथें कबूल केलें पाहिजे. घरीं परततांना मात्र त्या समाधानाचें स्वरूप ध्यानांत येऊं लागलें. पुसलें आम्हीं, आणि चूक पदरांत घेतली त्यानें. आमचें वाक्य व्याकरणदृष्ट्या प्रश्न होतें. वस्तुतः तो आरोप होता. प्रत कोठें आहे हें जाणून घेणें अवश्य होतें, यांत शंका नाहीं. परंतु ज्या घाईनें आम्हीं तें विचारलें, ती घाई फाइली परत मिळविण्याची नसून दोष दुसरीकडे ढकलण्याची होती.

असो. पुसलेलें परत मिळतें काय, याविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे, कारण पुढील विचार त्यावर अवलंबून आहे. फाइल पुसली म्हणजे तिच्यांतील मजकूर तत्काळ नष्ट होतो असें नाहीं. ग्रंथालयाच्या सूचींतून एका ग्रंथाची चिठ्ठी काढून टाकावी आणि ग्रंथ मात्र फळीवर तसाच असावा, तसा हा प्रकार असतो. यंत्राच्या लेखीं ती फळी आतां रिकामी झालेली असते. म्हणून पुढें येणारें नवें लेखन केव्हां त्या जागीं जाऊन पडेल आणि जुन्याचा खराखुरा नाश करील, याचा नेम नसतो. यास्तव पहिला नियम असा कीं, चूक ध्यानांत येतांच त्या डिस्कवर एक अक्षरही अधिक लिहूं नये. आम्हीं काय केलें? पुसलेलें शोधून काढणारें एक साधन मिळविलें, आणि तें त्याच डिस्कवर उतरवून घेतलें! विहिरींत पडलेली घागर काढण्यासाठीं विहिरींतच भराव टाकावा, तसें हें झालें. तरीही जुन्या धर्तीची, फिरत्या तबकडीची डिस्क असल्यामुळें कांहीं आशा होती. हल्लींच्या एसएसडी प्रकारच्या डिस्कमध्यें रिकामी ठरलेली जागा यंत्र बहुधा आपण होऊनच साफ करून टाकतें, आणि मग ही आशाही जवळजवळ संपते.

सात फाइलींपैकीं एक पूर्णपणें वांचली, कारण चहाला जातांना त्या मुलानें आपला टेक्स्ट एडिटर, म्हणजे मजकूर लिहिण्याचें व दुरुस्त करण्याचें साधन, मिटलें नव्हतें. मजकूर संगणकाच्या चालू स्मृतींत जिवंत होता. तो दुसऱ्या जागीं साठवून घेतला. दोन फाइली निराळ्या उपायानें मिळाल्या. एका ठिकाणीं त्यानें स्वतःसाठीं ‘सांगलीची नोंद येथें पुन्हा तपासावी’ असें टिपण लिहून ठेवलें होतें. तेवढे शब्द घेऊन सबंध डिस्क एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत चाळली, आणि त्या शब्दांच्या मागचापुढचा मजकूर उचलून घेतला. तसाच दुसऱ्या फाइलींतील एक आठवणारा शब्द घेऊन केलें. आणखी दोन फाइलींचे तुकडे हातीं लागले. उरलेल्या दोन गेल्या त्या गेल्याच. १४०० ओळींपैकीं सुमारें ८०० ओळी परत आल्या.

या प्रसंगीं आम्हांस इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासांतील एका संध्याकाळची आठवण होणें अपरिहार्य होतें. टॉमस कार्लाइलनें फ्रेंच राज्यक्रांतीवरील आपल्या ग्रंथाच्या पहिल्या खंडाचें हस्तलिखित जॉन स्टुअर्ट मिल यास वाचावयास दिलें होतें. १८३५ च्या मार्च महिन्यांत तें रद्दी समजून जाळलें गेलें. थोडीं पानें तेवढीं उरलीं. दुसरी प्रत नव्हती. मिल स्वतः कार्लाइलच्या घरीं गेला आणि झालेला प्रकार त्यानें सांगितला. कार्लाइलनें त्यास दोष दिला नाहीं. उलट, मिल गेल्यावर पत्नीपाशीं त्यानें काळजी केली ती मिलची, आणि आपल्या हानीची खोली त्यास कळूं नये अशी इच्छा प्रकट केली. मिलनें भरपाई म्हणून २०० पौंड देऊं केले, त्यांपैकीं कार्लाइलनें १०० घेतले. तो खंड त्यानें पुन्हा लिहिला, आणि १८३७ सालीं ग्रंथ प्रसिद्ध झाला. या कथेंत कार्लाइलच्या चिकाटीची स्तुति नेहमीं होते. आम्हांला आतां त्यांतील मिलचें वर्तन अधिक बोलकें वाटतें. ‘तूं दुसरी प्रत कां ठेवली नाहींस?’ असें विचारण्यास त्यालाही जागा होती. ज्याच्या घरांतून तें हस्तलिखित नाहींसें झालें, त्याच्या तोंडीं तो प्रश्न शोभणार नव्हता.

येथें कोणी म्हणेल कीं, लेखकाचें स्वतःचें कांहींच कर्तव्य नाहीं काय? आपल्या श्रमाचें फळ ज्यानें त्यानें जपावें, हा साधा व्यवहार आहे. आम्ही तो अमान्य करीत नाहीं. परंतु कर्तव्याचें माप ठरविण्यास एक सूत्र आम्हांस सुचतें, तें असें: ज्याच्या हातीं पुसण्याचें सामर्थ्य अधिक, त्याच्यावर राखण्याचा भार अधिक. त्या संगणकावर विद्यार्थ्यास स्वतःच्या फाइली तेवढ्या पुसतां येत होत्या. आम्हांस सर्वांच्या पुसतां येत होत्या. हें सामर्थ्य आम्हीं घेतलें, कारण त्यावांचून संगणकाची व्यवस्था पाहतां येत नाहीं. मात्र त्याच्या जोडीनें येणारी दुसरी प्रत राखण्याची जबाबदारी आम्हीं उचलली नाहीं. इतकेंच नव्हे, तर दोन वर्षांत त्या मुलास आम्हीं मध्यमान शिकविलें, विचलन शिकविलें, पण प्रत कशी ठेवावी हें एकदांही शिकविलें नाहीं. न शिकविलेल्या धड्याची परीक्षा घेणाऱ्या शिक्षकास आपण काय म्हणतों, हें सांगावयास नको.

दुसऱ्या दिवशीं त्या विद्यार्थ्यानें येऊन विचारलें, “सर, आतां कोणता एडिटर वापरूं? असा एखादा असेल कीं ज्यांत हें होणार नाहीं?”

प्रश्न क्षुल्लक नाहीं. समर्थांच्या दासबोधांत एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेस वाहिलेला आहे. बोरू, शाई, कागद यांची निवड आणि निगा हा विषय परमार्थाच्या ग्रंथांतही सांगण्यायोग्य त्यांना वाटला. साधनाचा स्वभाव लिहिणाऱ्यास हळूहळू लागतो, हें त्याचें कारण असावें. संगणकावरील लेखनसाधनांचेही असेच स्वभाव आहेत. यूनिक्स प्रणालीचा आद्य एडिटर ‘एड’ हा अत्यंत मितभाषी. कांहीं चुकलें तर तो एक प्रश्नचिन्ह तेवढें दाखवी, आणि काय चुकलें तें लिहिणाऱ्यानें ओळखावें अशी अपेक्षा करी. १९७६ च्या सुमारास बिल जॉय यानें बर्कली येथें रचलेल्या ‘व्हीआय’मध्यें केलेला बदल मागें घेण्याची सोय होती, पण ती एकाच पावलाची, तीच कळ दुसऱ्यानें दाबली कीं मागें घेतलेला बदल पुन्हा पुढें येई. त्याच वर्षीं एमआयटी या संस्थेंत जन्मलेल्या ‘ईमॅक्स’च्या परंपरेनें निराळा मार्ग धरला. आजच्या ईमॅक्समध्यें साधारणतः दर ३०० कळींमागें मजकुराची एक नक्कल न सांगतां राखली जाते, आणि मागें घेणें हेंही पुन्हा मागें घेतां येतें. ब्रॅम मूलेनार यानें १९९१ सालीं प्रसिद्ध केलेला ‘व्हिम’ दर २०० अक्षरांमागें, किंवा हात चार सेकंद थांबला कीं, लेखनाची टांचणी करून ठेवतो. २००६ पासून तर तो बदलांची शाखायुक्त वंशावळ राखतो. एक वाट सोडून दुसरी धरली तरी पहिली वाट हरवत नाहीं.

या साधनांकडे पाहिलें म्हणजे मनुष्याच्या चुकीशीं वागण्याच्या तीन रीति दिसतात. पहिली, त्याच्यावर पूर्ण विश्वास टाकून कांहीं न विचारणें; ‘आरएम’ ही आज्ञा अशी. दुसरी, प्रत्येक वेळीं ‘खरोखरच पुसूं काय?’ असें विचारणें. ही शहाणपणाची दिसते, परंतु शंभरदां विचारलेल्या प्रश्नास एकशेंएकाव्या वेळीं मन उत्तर देत नाहीं. उत्तर बोटच देतें. तिसरी रीति, मनुष्य चुकणारच असें गृहीत धरून, न बोलतां, मागची स्थिति जपून ठेवणें. पहिल्या रीतींत आदर आहे पण दया नाहीं. दुसरींत सावधगिरीचा देखावा आहे. तिसरींत क्षमा आहे. क्षमा म्हणजे विसरणें, अशी आपली एक समजूत असते. येथें ती उलटी ठरते. जें साधन कांहीं लक्षांत ठेवीत नाहीं त्याला क्षमा करतांच येत नाहीं. ज्याला सर्व आठवतें तेंच तुम्हांस पूर्वस्थितीवर नेऊं शकतें.

आमचे एक सहाध्यापक मित्र यावर म्हणाले कीं, अशा क्षमाशील साधनांनीं माणूस बेफिकीर होतो. चूक फिरवितां येते असें कळलें कीं विचार करून लिहिण्याची संवय सुटते. या आक्षेपांत तथ्य नाहीं असें नाहीं. पण त्यांत दोन निराळ्या वस्तूंची गल्लत होते, आणि आमच्या लहानपणच्या दोन वस्तूंवरून ती उलगडतां येईल. शाळेंतली पाटी आणि पेढीवरची रोजकीर्द. पाटीवरची चूक ओल्या फडक्यानें पुसली कीं ती कधीं झालीच नव्हती असें होई; तिच्यापासून शिकण्यासारखेंही मग कांहीं उरत नसे. रोजकीर्दींत खाडाखोड चालत नसे. रक्कम चुकली तर मूळ नोंद तशीच ठेवून तिची उलट नोंद करावयाची, म्हणजे चूकही दिसते आणि दुरुस्तीही दिसते. पाटीनें बेफिकिरी येईल, रोजकीर्दीनें येणार नाहीं. लीनस टोरवाल्ड्स यानें २००५ सालीं रचलेलें ‘गिट’ हें साधन कोडची रोजकीर्दच आहे. त्यांत टप्प्याटप्प्यानें केलेल्या नोंदी कोणी, केव्हां, कोणत्या कारणानें केल्या हें राहतें, आणि कोणत्याही जुन्या नोंदीपाशीं परत जातां येतें. भीतीनें आलेली सावधगिरी हा सद्गुण नव्हे. केलेलें नजरेआड होणार नाहीं या जाणिवेनें येणारी सावधगिरी हा आहे. शिवाय जो विद्यार्थी बिघडण्याच्या भयानें चालणाऱ्या प्रोग्रॅमला हातच लावीत नाहीं, तो शिकणार कधीं?

म्हणून आम्हीं त्यास सांगितलें कीं, जो एडिटर हाताला बसेल तो घे; मात्र तीन गोष्टी पाहा. तो अनेक पावलें मागें जाऊं देतो काय. यंत्र मध्येंच बंद पडलें तर लिहिलेलें राखतो काय. आणि फाइल मिटून दुसऱ्या दिवशीं उघडली असतां कालचे बदल त्याच्या लक्षांत राहतात काय. ही तिसरी सोय व्हिममध्यें २०१० पासून आहे, पण ती मुद्दाम सुरू करावी लागते. ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’मध्यें २०२२ पासून फाइलीच्या जुन्या आवृत्त्यांचा स्थानिक इतिहास आपोआप राखला जातो. आणि हें सर्व सांगून झाल्यावर त्याच्या प्रश्नाच्या उत्तरार्धाचें उत्तर द्यावें लागलें, तें असें कीं, ‘हें होणार नाहीं’ असा एडिटर नाहीं. व्हिमची ती टांचणी मूळ फाइलीच्या शेजारींच असते, आणि गिटची रोजकीर्द कामाच्याच फोल्डरांत. सबंध फोल्डर पुसणाऱ्या आमच्यासारख्या माणसापुढें दोहोंचाही इलाज चालत नाहीं. घरांतील तिजोरी चोरापासून राखते, आगीपासून नाहीं. एक प्रत दुसऱ्या जागीं असलीच पाहिजे.

ती दुसरी प्रतही केवळ आहे असें मानून भागत नाहीं. कोड सांभाळण्याचाच ज्यांचा व्यवसाय, त्या ‘गिटलॅब’ कंपनींत ३१ जानेवारी २०१७ रोजीं एका अभियंत्यानें, एका संगणकावर करावयाचें पुसण्याचें काम चुकून दुसऱ्यावर केलें. चूक ध्यानांत येईपर्यंत सुमारें ३०० गिगाबाइट माहितींतील बहुतेक सर्व गेली होती. नकला राखण्याच्या पांच निरनिराळ्या व्यवस्था होत्या. प्रसंगीं त्यांतील एकही धड चालत नसल्याचें आढळलें. वांचविलें तें ६ तास आधीं दुसऱ्याच कामासाठीं सहज घेतलेल्या एका नकलेनें. मधल्या ६ तासांतील नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीनें मात्र हें लपविलें नाहीं. दुरुस्तीचें काम लोकांना प्रत्यक्ष पाहतां येईल असें चालविलें, आणि एका माणसाच्या माथीं दोष न मारतां आपल्या व्यवस्थेचा दोष उघड मांडला. परत आणून न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे, ती केवळ आशा होय, हा त्यांतील एक धडा. दुसरा धडा आम्हांस आमच्या त्या प्रश्नाची आठवण देणारा होता.

कारण मागें घेण्याची कळ ही केवळ मजकुरापुरती आहे. ती बोललेल्या शब्दास लागू नाहीं. ८०० ओळी परत आल्या. उरलेल्या ६०० त्या विद्यार्थ्यानें अकरा दिवसांत पुन्हा लिहून काढल्या, आणि नव्या ओळी पहिल्यापेक्षां सुटसुटीत झाल्या असें तो स्वतः म्हणाला. मंडालेहून सुटका झाल्यावर ‘गीतारहस्या’चें हस्तलिखित सरकारकडून परत मिळण्यास विलंब होऊं लागला, तेव्हां ग्रंथ डोक्यांत आहे, पुन्हा लिहून काढूं, असा भरंवसा टिळकांना होता, असें सांगतात. समजून केलेलें काम असेंच असतें. त्याचा मजकूर जातो, समज राहते. परंतु ‘बरें झालें, नवें अधिक चांगलें झालें’ असें म्हणण्याचा अधिकार ज्याचें गेलें त्याचा आहे. ज्यानें पुसलें त्यानें तें वाक्य उच्चारूं नये. आम्हीं तें ओठांवर आलेलें असतां आवरलें, एवढें एक त्या प्रकरणांतील आमचें पुण्य.

त्यानंतरच्या पहिल्या तासास आम्हीं घडलेला प्रकार सर्व वर्गासमोर सांगितला: चूक आमची होती, प्रत राखण्याचें काम आमचें होतें, आणि त्या विद्यार्थ्यास विचारलेला प्रश्न आम्ही मागें घेत आहों. वर्ग क्षणभर गप्प राहिला. तो विद्यार्थी वहींत खालीं पाहत होता. त्या दिवशीं आम्हीं मध्यमानाऐवजीं प्रत कशी ठेवावी हें शिकविलें. आतां त्या संगणकावरील सर्व कामाची नक्कल रोज रात्रीं दुसऱ्या इमारतींतील यंत्रावर जाते, आणि महिन्यांतून एकदां आम्ही एक फाइल मुद्दाम तेथून परत आणून उघडून पाहतों. पुसण्याची आज्ञा अजूनही आम्हांसच द्यावी लागते. ती देण्यापूर्वीं यंत्र कांहीं विचारीत नाहीं. म्हणून ‘हें कोणाचें आहे?’ एवढें आम्ही स्वतःस विचारतों, आणि उत्तर मिळेपर्यंत हात कळफलकावरून बाजूस घेतों.